टेबलाचा सवाल आणि माझी टोपी

बसा, चहा येतोच आहे. तोवर सांगून टाकतो, सोलापुरात भर सभेत माझी टोपी कशी गेली ते. खुशाल हसा. आता मीही हसतो, पण तेव्हा धरणी दुभंगली असती तर पहिली उडी माझीच होती!

मी तेव्हा पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होतो. मंगळवेढ्याकडच्या आमच्या शेतकरी घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणजे मला किती शिंगं फुटली असतील, तुम्हीच समजा!

आमचे प्रोफेसर मोठे विद्वान. पण वर्गात बोलायला लागले की पहिल्या बाकापर्यंतसुद्धा काही पोचायचं नाही. गंमत अशी, की त्यांच्या घरी जाऊन काहीतरी खुळ्यासारखं विचारलं की हेच गृहस्थ इतकं सोपं करून सांगत, की वाटावं, अरे, हे तर आपल्यालाही सुचलं असतं.

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. सोलापुरात यांचं व्याख्यान ठेवायचंच नाही. लोकांसमोर मी विचारायचं, त्यांनी सांगायचं. गिरणीतल्या आणि मागावरच्या माणसाला तत्त्वज्ञान सोपं करून द्यायचं! कोणी मागितलं होतं का? छे! पण आम्ही निघालो द्यायला.

तिथल्या वाचनालयाचे चिटणीस रावसाहेब चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तत्त्वज्ञान? खुर्च्यांना ऐकवणार का? बरं, एकदा करून बघा. हॉल भरला तर दर महिन्याला देतो. नाही भरला तर पुन्हा हे नाव काढायचं नाही. पत्ते खेळणारी मंडळी केव्हाची हॉल मागतायत."

आता आली का पंचाईत! माणसं आणायची कुठून? नेमका माझा गेनूमामा ज्वारीच्या गाड्या घेऊन सोलापूरच्या बाजाराला आलेला. मामाची ओळख अशी, की रस्त्यानं चालला तर निम्मं गाव "राम राम" करतं आणि उरलेल्या निम्म्याला मामा करतो. मी त्याला गाठलं.

"मामा, माणसं जमवायची आहेत. दोघंजण समोरासमोर बसणार. एक विचारणार, दुसरा उत्तर देणार."

"कशावर रं?"

"देह म्हणजे काय, आत्मा म्हणजे काय, जग खरं की खोटं…"

मामाचे डोळे लकाकले. "आरं, मग आदी न्हाय का सांगायचं! त्यो पुण्याचा गडी तयारीचा हाय न्हवं?"

"मामा, त्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या इलाख्यात नाही!"

"बास. तू निवांत ऱ्हा."

आणि मी निवांत राहिलो. इथंच माती खाल्ली!

संध्याकाळी प्रोफेसरांना घेऊन पोचलो तर काय! हॉल फुल्ल, खिडक्यांतही माणसं. एकानं तर हलगी आणलेली. लोक आपोआप दोन बाजूंना बसलेले, मधे आमचं टेबल. टेबलावर तबकात मी प्रोफेसरांच्या सत्कारासाठी आणलेला फुलांचा तुरा ठेवला होता. येणारा जो तो वाकून आधी त्या तुऱ्याकडे बघत होता. मला वाटलं, काय ही रसिकता! रावसाहेबांकडे मी असं काही बघितलं, की त्यांनी चष्माच पुसायला काढला.

मी पहिला प्रश्न टाकला. "सर, हे टेबल मला दिसतं म्हणून आहे, की मी डोळे मिटले तरी ते आहेच?"

प्रोफेसरांनी दोन्ही बाजू सोप्या करून सांगितल्या. अगदी त्यांच्या घरी सांगत तशा! माणसं डोळे मिटून-उघडून टेबलाकडे बघायला लागली. शेवटी ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पण खरं सांगू? याचं पक्कं उत्तर मलाही देता येत नाही."

कडाड् कड् कड्! हलगी घुमली. माझ्या बाजूचे लोक उभे राहून ओरडले, "जी रं जी! पुन्याचा गडी आडला!"

प्रोफेसर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "फारच उत्साही श्रोते आहेत हो तुमचे."

मी फुशारून दुसरा प्रश्न टाकला. "माझी दाढदुखी आणि तुमची दाढदुखी सारखीच असते, हे कळायचं कसं?" पुन्हा सुंदर उलगडा, आणि पुन्हा शेवटी, "छातीठोकपणे नाही सांगता येत." पुन्हा हलगी! पलीकडची बाजू हवालदिल झाली. "सायेब, उलटा सवाल टाका की! आमची इज्जत चालली!"

तेवढ्यात मामा उठला, प्रोफेसरांसमोर आला आणि अदबीनं म्हणाला, "सायेब, तुमच्याकडं डफ न्हाय. तवा पगडी काढून ठिवा."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! आमच्या भागात कलगी-तुऱ्याचे फड होतात. दोन शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांना देह-आत्म्याचे सवाल घालतात. जवाब देता आला नाही तो हरला, त्याचा डफ जप्त! मामानं बाजारभर हेच सांगितलं होतं, आणि वर मी अकलेच्या कांद्यानं मधोमध तुरा मांडून ठेवला होता!

"मामा, हा फड नव्हे!" मी कळवळून म्हणालो. "इथं कुणी हरत नाही!"

"मग एवडी मानसं काय बगाया बसल्यात?"

रावसाहेब लालबुंद. माझं सगळं स्वप्न पत्त्यांच्या डावात जाताना मला दिसायला लागलं. पण प्रोफेसरांनी मामाकडून फडाची सगळी रीत समजून घेतली आणि चक्क पगडी काढून टेबलावर ठेवली.

"ठेवली! आता उलटा सवाल माझा." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही म्हणालात, या लोकांना तत्त्वज्ञान अवघड वाटतं, ते सोपं करून द्यायला हवं. त्यांना अवघड वाटतं, हे तुम्हाला कसं कळलं? त्यांच्यापैकी कुणाला विचारलं होतं?"

मी मामाकडे बघितलं. खरंच, कुणाला विचारलं होतं? सख्ख्या मामालासुद्धा नाही!

हलगी अशी कडाडली की रावसाहेबांच्या हातातला चष्मा पडला. मामानं स्वतःच्या हातानं माझी टोपी उतरवली आणि तुरा प्रोफेसरांच्या पगडीत खोवला. त्यानंतर सभा संपली म्हणता? कोण उठतंय! टेबल आहे की नाही यावर लोक प्रोफेसरांना घेरून असे भांडत होते, आणि प्रोफेसर त्यांच्यात मांडी घालून इतके खुशीत बसले होते, की मला अपमान विसरून भरून आलं. आजही येतं.

निघताना मी चोरासारखा रावसाहेबांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, "हॉल दर महिन्याला तुमचा. शब्द म्हणजे शब्द! फक्त मंडळींची एक अट आहे."

"कोणती?"

उत्तर मागून मामानं दिलं. "पुन्याचं सायेबच आना. सवाल आमी घालतो. तू नगं, तू पैल्याच सवालाला आडतूस!"

सभा मग दर महिन्याला भरली, आणि माझ्यावाचून तिचं पान हलत नसे बरं का! सतरंज्या मीच घालायचो. तेही बोडक्यानं, कारण टोपी मामानं मंगळवेढ्याला नेऊन खुंटीला टांगली होती, आल्यागेल्याला दाखवायला.