नावाड्यासाठी एक हरकत

विवाह नोंदणी कचेरीतल्या त्या बाईंना सगळे मुदतबाई म्हणत. लग्नाचा अर्ज घेऊन आलेल्या प्रत्येक जोडप्याला त्या एकतीस वर्षे एकच वाक्य सांगत आल्या होत्या, "नोटीस तीस दिवस फलकावर राहील, हरकत आली नाही तर दोन साक्षीदार घेऊन या." मग नोटिशीवर साहेबांची सही व्हायची, शिपाईमामा तिच्यावर शिक्का मारायचे आणि ती व्हरांड्यातल्या जाळीच्या फलकात लागायची. एकतीस वर्षांत हरकती आल्या अकरा. त्यातल्या चार खुद्द नवरदेवांच्याच होत्या.

दिवसभर दुसऱ्यांची लग्ने मार्गी लावून बाईंचे समाधान होत नसे. घरी जाऊन त्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचत. वाचत म्हणजे काय, एकदा हातात घेतली की चहा निवून त्यावर साय धरली तरी पत्ता नसायचा. पण पुस्तकापेक्षाही त्यांना प्रिय होते ते प्रकाशकाचे 'लवकरच येत आहे' हे पत्रक. पुस्तक एका दिवसात संपते. पत्रक आठवडाभर पुरते. प्रत्येक पुस्तकाबद्दल त्यात चार ओळी असत, आणि त्या चार ओळींची बाई कचेरीतल्या अर्जासारखी छाननी करत.

यंदाच्या पत्रकात एक विधुर आणि पियानो जुळवणारी तरुणी होती. बाईंनी शेजारी बारीक पेन्सिलीने लिहिले, "पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला जोडलेला नाही." बेटावर अडकून पडलेल्या दोन हाडवैऱ्यांबद्दल लिहिले, "दोघांचा पत्ता एकच कसा? खुलासा घ्यावा." एका देखण्या सरदाराबद्दल, "चार पुस्तकांपूर्वी वय चौतीस, आजही चौतीस. संशयास्पद." आणि स्मृती गेल्यावर स्वतःच्याच नवऱ्याच्या प्रेमात पडणाऱ्या बाईबद्दल, "दुबार अर्ज. फेटाळावा."

शेवटच्या पुस्तकापाशी मात्र पेन्सिलीचे टोक मोडले. ही घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंची मालिका. सहा पुस्तके झाली होती, आता सातवे, आणि तेच शेवटचे. नदीपलीकडे राहणारा एक अबोल नावाडी सहा पुस्तके डॉक्टरीणबाईंची वाट पाहत होता. तिसऱ्या पुस्तकात, दोनशे चौदाव्या पानावर, भर नदीत डॉक्टरीणबाईंनी त्याला लग्नाचा शब्दही दिला होता. आणि पत्रकात छापले होते, "अखेर डॉक्टरीणबाई गिरणीमालकाला होकार देतात! पण नदीकाठी कुणीतरी अजून उभे आहे..."

"गिरणीमालक!" मुदतबाई ओरडल्या. "वन्सं, ऐकलंत का? गिरणीमालकाशी लग्न करतेय ती!"

वन्सं म्हणजे त्यांची थोरली नणंद. बाईंचे यजमान जाऊन बारा वर्षे झाली होती. तेव्हापासून घरात या दोघीच. वन्संनी भाजी निवडता निवडता मान वर केली.

"करू दे की. गिरणी आहे त्याची. नावाड्याकडे काय, एक भोक पडलेली होडी."

"शब्द दिलाय तिनं!"

"वहिनी, माझा भाऊ पंचवीस वर्षं तुझ्यासमोर बसून जेवला. त्याच्यासाठी कधी एवढा जीव टाकला नाहीस. कोण कुठला तो नावाडी, अंगावर कागद आणि शाई. त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी?"

"त्यांना कुणी गिरणीवाली पळवून नेत नव्हती."

"म्हणूनच मी शेवटचं पान आधी वाचते," वन्सं म्हणाल्या. "एकदा कळलं की जीव थाऱ्यावर. मग मधलं वाचलं काय, न वाचलं काय."

यावरून दोघींचे दर पुस्तकाला वाजत असे. शेवट आधी कळणे म्हणजे बाईंच्या लेखी पुस्तकाचा खूनच. वन्संच्या तोंडून तो सांडू नये म्हणून नवीन पुस्तक त्या दोन दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवत.

आता झाले असे की, ते पत्रक बाईंनी दुसऱ्या दिवशी कचेरीत नेले आणि मोडलेल्या टोकाच्या रागात शेजारच्या ट्रेमध्ये टाकले. तो ट्रे सहीच्या नोटिशींचा. साहेबांनी गठ्ठ्यावर न वाचता भराभर सह्या केल्या. शिपाईमामांनी शिक्के मारले. ट्रेमधून आलेला कागद वाचायचा नसतो, लावायचा असतो, हे त्यांचे सेवेतले पहिले तत्त्व. दुपारी मुदतबाई व्हरांड्यातून जाताना पाहतात, तर काय! दोन खऱ्या नोटिशींच्या मधोमध त्यांचे पत्रक, सही, शिक्का, क्रमांक आणि पेन्सिलीच्या शेऱ्यांसकट.

"मामा, काढा ते आधी!"

"आता कसं काढणार? क्रमांक पडलाय त्याला."

दोघे साहेबांकडे गेले. साहेब मनाने चांगले, पण नियमाबाहेर त्यांचे पाऊल पडायचे नाही. चप्पल सुटली तरी आधी आजूबाजूला पाहून मग वाकणारा माणूस. त्यांनी नियमांचे पुस्तक उघडले आणि खिन्नपणे मिटले.

"लावलेली नोटीस मुदत संपेपर्यंत काढता येत नाही. चुकून लावलेली असेल तर काय, ते दिलेलं नाही. म्हणजे चुकून लागत नाही, असं गृहीत आहे."

व्हरांड्यात ताटकळणाऱ्या माणसांना वाचायला तेवढेच होते. चौथ्या दिवशी पहिली हरकत आली. एका भावी सासऱ्याने लिहिले होते, की तो सरदार हुबेहूब आपल्या होणाऱ्या जावयासारखा वागतो, सबब दोन्ही लग्ने थांबवावीत. पंधरा दिवसांत सोळा हरकती झाल्या. साहेबांनी घाम पुसला आणि सगळ्या आवक वहीत चढवायला लावल्या.

त्या चढवता चढवता बाईंच्या मनात आले, जगाने हरकत घ्यायची आणि आपण नुसते क्रमांक घालायचे? नियमात 'कोणीही सज्ञान व्यक्ती' असे म्हटले आहे, कारकून वगळून असे म्हटलेले नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कोरा नमुना भरला. हरकतीचे कारण : पूर्वीचे वचन, तिसरे पुस्तक, पान दोनशे चौदा. साक्षीदार : नावाड्याची आई आणि होडीतला लंगडा घोडा. मग त्या टेबलाच्या अलीकडे आल्या, अर्ज दिला, पलीकडे गेल्या, अर्ज घेतला, आणि स्वतःला पोच दिली.

साहेबांनी सोळा हरकती कारण अपुरे म्हणून निकाली काढल्या. सतराव्यापाशी ते थांबले.

"घोड्याची साक्ष धरता येणार नाही," ते म्हणाले. "पण आईची नाकारता येत नाही. सुनावणी घ्यावी लागेल, बाई. समन्स काढा."

समन्स प्रकाशकाच्या पत्त्यावर गेले. मालिकेच्या लेखिका घराबाहेर पडत नसत. प्रकाशनाचे मालक म्हणाले, पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला माणूस आपल्याकडे एकच. म्हणून विसाव्या दिवशी मुद्रितशोधक आला. किडकिडीत, सर्दीने बेजार, खिशात तीन लाल पेन्सिली. वन्संही आल्या, ठेवणीतली साडी नेसून. सुनावणी सर्वांना खुली होती, आणि शेवट फुकटात कळणार होता.

साहेबांनी त्याला शपथ दिली आणि विचारले, "पुस्तकाच्या अखेरीस सदर डॉक्टरीणबाईंचा विवाह कोणाशी होतो?"

बाई लेखणी घेऊन बसल्या होत्या. जबाब नेहमी त्याच लिहून घेत. आणि लेखणी कागदाला टेकता टेकता त्यांच्या लक्षात आले. हा माणूस आता शेवट सांगणार! आणि तो आपण आपल्या हाताने, शब्दशः, तीन प्रतींत लिहिणार! सहा पुस्तके, अकरा वर्षे आपण वाट पाहिली, ती यासाठी?

"थांबा!" त्या उठल्या. "साहेब, मी अर्जदार आहे. अर्जदाराला जबाब लिहिता येत नाही."

"बरोबर," साहेब म्हणाले. "मामा लिहितील. तुम्ही बसा."

"मी बाहेर जाते."

"जाता येणार नाही. साक्ष अर्जदाराच्या उपस्थितीत झाली पाहिजे."

"वहिनी, बस गं गपचूप," वन्सं म्हणाल्या. "एवढा लांबून आलाय बिचारा शिंकत."

"साहेब, उपस्थित म्हणजे हजर. हजर म्हणजे ऐकत असलेला, असं कुठं लिहिलंय का?"

साहेबांनी सात मिनिटे पुस्तक चाळले. कुठेच लिहिलेले नव्हते. शेवटी ठरले, की अर्जदाराने काचेच्या दारापलीकडे, आतून दिसेल असे उभे राहावे. मुदतबाई व्हरांड्यात गेल्या, दोन्ही कानांत बोटे घातली, डोळे मिटले आणि मोठ्याने सतराचा पाढा म्हणू लागल्या. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी तो इतका घोटून घेतला होता, की त्याच्या आवाजापुढे दुसरे काही ऐकू येणे शक्य नव्हते. समोरच्या बाकावरच्या एका वधूने घाबरून वराचा हात धरला.

सतरा दाहे एकशे सत्तर झाले तेव्हा बाईंनी एक डोळा किलकिला केला. तिथेच चुकले. काचेपलीकडे शिपाईमामा जीभ बाहेर काढून लिहीत होते, आणि त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा उजळला होता. वन्संनी टाळी वाजवली. साहेबसुद्धा हसले, आणि साहेबांना हसताना पाहिलेला माणूस त्या कचेरीत नव्हता.

म्हणजे नावाडी. कुणी काही न बोलता सगळे कळले.

जबाबावर अर्जदाराची सही लागत होती. बाईंनी कागदावर हात आडवा धरून सही केली. न वाचता सही करायची नाही, असे ज्या हजारो नवऱ्यामुलींना बजावत आल्या, त्यांनी पाहिले असते तर! साहेबांनी निकाल राखून ठेवला. पुस्तक यायला नऊ दिवस होते.

ते नऊ दिवस कसे गेले ते बाईंनाच माहीत. मामा त्यांना पाहिले की गुणगुणत. साहेब "काळजी करू नका" म्हणत आणि पुढचे ओठांवर येताच तोंडावर हात ठेवत. घरी वन्सं तर अगदी देवमाणूस झाल्या होत्या. "मी काही सांगणार नाही हो," म्हणत आणि भाजीत गूळ टाकावा तसा अर्थपूर्ण उसासा टाकत.

"मनासारखं झालं तर आनंद नको का व्हायला?" एकदा त्या न राहवून म्हणाल्या.

"वन्सं!"

"मी कुठं काय म्हटलं? सर्वसाधारण बोलले."

मनासारखे होणार होते, तेच तर दुखत होते. बाईंना नावाडी हवा होता, पण तो नदीच्या वळणावरून अचानक दिसायला हवा होता. आता तो काचेतून, मामांच्या जिभेवरून आला होता.

एकोणतिसाव्या दिवशी पुस्तक आले. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि खिडकीशी बसून वाचायला घेतले, वाढलेल्या पानावरून उठवत नाही म्हणून जेवावे तसे. नावाडी कधी येतो, एवढेच पाहायचे होते. तो येई, आणि दर वेळी म्हणे, मी थांबेन. गिरणीमालक मात्र वाईट वागायचे काम नीट करीना. दीडशेव्या पानावर त्याला घोड्याने लाथ मारली. दोनशेव्या पानावर तो मोडका हात गळ्यात बांधून तबेल्याबाहेर कंदील धरून बसला, कारण डॉक्टरीणबाई आत एका घोडीची सुटका करत होत्या आणि त्याला दुसरे काही येत नव्हते. दोनशे सत्तराव्या पानावर डॉक्टरीणबाई स्वतः होडीत बसून नावाड्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आले मी." नावाडी गोंधळला. म्हणाला, पाणी ओसरेपर्यंत थांबू या का? वाट पाहण्याची त्याला इतकी सवय झाली होती, की त्या आल्यावर काय करायचे हे त्याला सुचेना.

मुदतबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवले. मग पुन्हा उचलले. डॉक्टरीणबाईंनी गिरणीमालकाशी लग्न केले तेव्हा मुदतबाई हमसून हमसून रडत होत्या. रडता रडता दुसऱ्या साक्षीदाराची सही राहून गेल्याचेही त्यांच्या लक्षात आले.

"झालं ना नावाड्याशी?" वन्सं मोठ्या मायेने म्हणाल्या.

"गिरणीमालकाशी झालं! आणि पुढची ओळ काय येणार ते मला कळत नव्हतं हो, वन्सं, शेवटपर्यंत कळत नव्हतं!"

"भलतंच काय! पुस्तकात चूक झाली असणार." वन्सं उठल्याच. "कचेरीच्या कागदावर शिक्का आहे. तुझ्या पुस्तकावर आहे का शिक्का?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत हाहाकार झाला. मामा म्हणाले, मी या हातांनी लिहून घेतले. साहेबांनी प्रकाशकाला फोन लावला. मुद्रितशोधक पलीकडून शिंकत म्हणाला, "मालकांनी बजावलं होतं, पुस्तक येईपर्यंत शेवट सांगायचा नाही. साहेब, तुम्ही म्हणालात सांगितलाच पाहिजे. मग मी एक शेवट सांगितला. पुस्तकातला नाही सांगितला."

"खोटी साक्ष!" साहेबांनी फोन ठेवला. "बाई, फसवणूक तुमची झाली आहे. तक्रार तुमचीच लागेल. लिहा."

"कसली तक्रार, साहेब? तो काय बोलला ते मी ऐकलेलं नाही. जबाबात काय आहे ते वाचलेलं नाही. मी फक्त हजर होते."

"अहो, पण तुमची सही आहे त्यावर!"

"आहे ना. हजेरीची."

साहेबांनी नियमांचे पुस्तक उघडले आणि मिटले. 'हजर'चा हा अर्थ त्यांनीच मान्य केला होता. बाईंनी ड्रॉवरमधून दुसरा नमुना काढला, हरकत मागे घेण्याचा. हा नमुना एकतीस वर्षांत कुणी मागितला नव्हता. मुदत संपायला दोन तास होते. वर आणि वधू यांची नावे, पत्रकाचा क्रमांक, तारीख, सगळे त्यांनी सुवाच्य अक्षरात भरले. 'हरकत मागे घेण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिले, "अर्जदाराने पुस्तक वाचले."

साहेबांनी अर्ज वाचला. या वेळी खरोखरच वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, जरा ते पुस्तक मिळेल का?"