बांड्या उंदीर

आमच्या घरात उंदीर मारत नसत. गणपतीचं वाहन, त्याला कसं मारायचं, असं वडील म्हणत. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. मग वाहनाचं आम्ही काय करायचो? तारेच्या पिंजऱ्यात भाकरीचा तेलकट तुकडा अडकवून उंदीर धरायचो आणि दुसऱ्याच्या घरी पोचवायचो. जळगावातल्या आमच्या आळीत सगळी शहाणीसुरती माणसं हेच करत. सकाळी पंचे टाकलेले पिंजरे घेऊन निघालेले कारकून आणि मास्तर एकमेकांना नमस्कार करत. पंच्याखाली काय आहे हे कोणी विचारत नसे. मीही त्यांतलाच एक मास्तर. वर्गात मुलांना भूतदया शिकवून पगार घेणारा.

आमचे उंदीर मी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागे सोडायचो. तिथे मजुरांच्या झोपड्या होत्या. झोपड्यांत माणसं राहतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमची भांडी घासायला येणारी अक्का तिथेच राहायची.

एकदा पिंजऱ्याचं दार अवेळी पडलं आणि एका दांडग्या उंदराची अर्धी शेपटी तुटली. अक्काने तो परसात पाहिला. "बांड्या हुई गया बिचारा," म्हणून हसली. मी त्याला नेहमीच्या जागी सोडून आलो.

पुढे तिच्या मुलीला सासरी पाठवायचं ठरलं. अक्काने तिच्यासाठी एक नवं लुगडं घेऊन टोपलीत जपून ठेवलं होतं. पेटी तिच्याकडे नव्हती. पाठवणी दोन दिवसांवर आली असता तिने आमचा पिंजरा मागून नेला, आणि दुसऱ्या सकाळी तो आणून ओट्यावर आबांच्या पुढ्यात ठेवला. आत बांड्या.

"आबा, हाऊ तुमना शे. मनी पोरना लुगडाना पदर कुरतडी टाका यानी."

आबांनी जपमाळ थांबवली नाही. "आमचा कशावरून? उंदीर सगळे सारखेच."

"बठ्ठा सारखा शेतस, पन शेपट्या नही. भाऊले इचारा."

भाऊ म्हणजे मी. दोघंही माझ्याकडे पाहू लागले. 'हो, मीच सोडला' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "शाळेला उशीर होतोय."

अक्का हसली. ते हसू मला आजही सहन होत नाही. "गनपतीनं वाहन शे ना? मंग तुमनाच दारशी बांधा."

बायकोने आतून आपलं एक जुनेर आणलं. अक्काने त्याला हातही लावला नाही. ती भांडी घासायला बसली.

"लांब मेहरूणच्या तळ्यावर सोडून ये," आबा मला म्हणाले. त्यांचं पुण्य आता दीड कोस चालणार होतं, अर्थात माझ्या पायांनी. मी तळ्यावर गेलो. काठालाही झोपड्या होत्या. पिंजरा पाण्यात बुडवला आणि तोंड फिरवून उभा राहिलो. घरी येऊन सांगितलं, "सोडला." अक्काने पिंजऱ्यातून निथळणारं पाणी पाहिलं, पिंजरा माझ्या हातातून घेतला आणि उन्हात पालथा घातला. आबांना तिने काही सांगितलं नाही. मला वाचवण्याचं तिला काहीच कारण नव्हतं.

उंदीर मारल्याचं पाप मला एक दिवसही टोचलं नाही. टोचतं ते दुसरंच. पाठवणीच्या दिवशी अक्का लेकीला घेऊन आमच्या ओट्यावरूनच स्टेशनाकडे गेली. लुगडं तेच. डोक्यावरच्या पदराचा कुरतडलेला काठ पोरीने मुठीत घट्ट आवळून धरला होता. ती आबांच्या पाया पडायला वाकली तेव्हाही तिने एकच हात पुढे केला, मूठ उघडली नाही. आबांनी जपमाळेचा हात तिच्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद दिला. मी शेजारी उभा होतो, तेव्हाही बोललो नाही.

आपल्या घरात जिवाची हत्या होत नाही, हे आबा शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिले. मी मान डोलवत असे.