कारखान्याची हळद

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला चितेगावच्या कारखान्यात गेल्यावर कळलं. पहिल्या दिवशी सुट्टी झाल्यावर नळाखाली हात धरले, साबण चोळला आणि मोरीतून लाल पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, कुठंतरी कापलं. शेजारी हात धुणारा देवगाव रंगारीचा गडी हसायला लागला.

"रगत नाय बाबा ते. हळद हाय. साबन बघितला की अशीच बिथरती."

पाणी ओतलं, लाली गेली. हात पुन्हा पिवळेच.

त्या कारखान्यात हळदीचा अर्क काढायचे. पोत्यांनी आलेली हळकुंडं दळायची, तो भुगा टाक्यांमध्ये भिजत घालायचा, गाळायचा, आटवायचा, आणि शेवटी ड्रायरमधून नारिंगी रंगाची पिठासारखी भुकटी पडायची. साहेब तिला कर्क्युमिन म्हणायचे, आम्ही माल म्हणायचो. पुढं तो माल क्रीम आणि गोळ्या करणाऱ्या कंपन्यांकडं जायचा. मी शेवटच्या टोकाला, ड्रम भरायला. हातमोजे होते, तोंडाला फडकं होतं. तरी ती भुकटी मनगटातून आत शिरायचीच. नखं, तळवे, कानाच्या पाळ्या, बनियन, काही सुटायचं नाही. ड्रमचं झाकण लावताना मनात यायचं, ही हळद आता कुणाकुणाच्या गालाला लागेल. ती माणसं काही मला दिसणार नव्हती.

मी तळकोकणातला. वडील गेल्यावर नववीतच शाळा सुटली. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या चिकानं तिचे हात काळे पडलेले, बोटांची सालं निघालेली. हे हळदीचं काम मला गावाकडच्या एका ओळखीच्या माणसानं मिळवून दिलं, त्याचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. पण आईसारखी भाषा बोलणारं इथं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं की लोक दोनदा विचारायचे, "काय म्हनला?" म्हणून मी कमीच बोलायचो.

खोलीची पंचाईत झाली. चितेगावात एकेका खोलीत पोरं कोंबलेली. शहरात जिथं जावं तिथं पहिला प्रश्न, "फॅमिली हाय का?" नाही म्हटलं की दार बंद. शेवटी देवगावच्या त्या गड्यानं शहागंजातल्या एका म्हाताऱ्या बाईचा पत्ता दिला. नवरा नव्हता, मुलगा आखातात होता. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिनं दार उघडलं. माझ्या तोंडाकडं न बघता तिनं माझ्या हातांकडंच बघितलं.

"अरे, मुबारक हो! हल्दी अभी उतरी भी नै और काम पे?"

"लग्न नाही झालं माझं," मी म्हणालो. "कारखान्यातली हळद आहे."

"हौ, हौ. कारखान्यातली." ती तोंडाला पदर लावून हसली. "आमच्यातबी लग्नाआधी हळद लावून मांझा बसवतात बाबा. मला नको शिकवू. दुल्हन कब आरी?"

मी पुन्हा सांगितलं. ती आत बसलेल्या शेजारणीकडं वळून म्हणाली, "शरमा रा." आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी गड्याला हे सांगितलं तर तो हसून हसून बेजार. "मग राहू दे की. तू खरं सांगितलं ना? तिनं नाय ऐकलं, त्याला तू काय करशील? आरसा लावून घे आता, नवरदेवा."

आरसा खालानंच लावला. बाईमाणूस येणार म्हणून. खिडकीला फुलाफुलांचा पडदा आला. भिंतीला दोन खुंट्या होत्या. एकीवर मी माझा शर्ट अडकवला, दुसरी कशी कोण जाणे रिकामीच ठेवली.

आणि संध्याकाळी कारखान्याहून आलो की खालाचं दार उघडं असायचं. "अंगाला हळद लागलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत," ती म्हणायची. "बाहेरची हवा लगती. इथं बस, चहा पी." आमच्या कोकणातही हेच म्हणतात. नवरदेवाला हळद लागली की कुणीतरी सोबत पाहिजेच. मी उंबऱ्यावर बसायचो. खाला तांदूळ निवडायची, मुलाच्या फोनची वाट बघायची, आणि मध्येच माझ्या दुल्हनबद्दल विचारायची, "उसका कुछ खबर?" शेजारची भाजीवाली मावशी जाताजाता म्हणायची, "काय नवरदेव, सून कवा दावतूस?" पोरं दुल्हेमियाँ म्हणून ओरडायची. मी दरवेळी सांगायचो की लग्न नाही झालं. जितकं सांगावं तितकं हसणं वाढायचं. शेवटी मान खाली घालून चहा प्यायला लागलो.

पण आतून धास्ती होती. हळद काय जन्मभर टिकते? एक दिवस हिच्या ध्यानात येणार, आणि खोली जाणार. एकट्या पोराला दुसरी खोली कोण देणार? खोली गेली तर काम गेलं, काम गेलं तर आईला काय तोंड दाखवू? रविवारी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडं फोन लावायचो. आई धावत यायची, धाप लागलेली. "जेवलंस मा रे?" मग म्हणायची, "थंय हळदीची पानां गावतत?" आमच्याकडं नागपंचमीला हळदीच्या पानांत पातोळ्या उकडतात. सगळं घर त्या वासानं भरून जातं. पोत्यांनी हळद होती माझ्यासमोर, पान एकही नव्हतं. मी म्हणायचो, "गावतत."

मग कारखाना दुरुस्तीसाठी काही दिवस बंद राहिला. गावी जाण्यापुरती ती सुट्टी नव्हती. खाला म्हणाली, "कपडे गच्चीवर घाल. हल्दी धूप को डरती." खरंच, साबणाला दाद न देणारे बनियनवरचे डाग उन्हात आपोआप विरले. मीही कपड्यांशेजारी हात पुढं करून बसायचो. खाली शहागंजचा बाजार गजबजलेला, मनगटी घड्याळवाले, अत्तरवाले, सगळे कुणाशी तरी बोलत असलेले. मी एकटा गच्चीवर हात वाळत घालून. हळूहळू तळवे साफ झाले. इतके साफ की माझेच मला परके वाटले.

चहा देताना खालानं ते बघितले. "उतर गई," ती समाधानानं म्हणाली. "आता तरी आण तिला."

कारखाना सुरू झाला. पहिल्याच दिवशी रखडलेला सगळा माल ड्रायरमधून काढला. संध्याकाळी गल्लीत शिरलो तेव्हा कोपरापर्यंत पिवळा होतो. भाजीवाल्या मावशीनं टोपलीवरून मान वर केली.

"अगं बया. परवा उतरली, आज फिरून चढली? दुसरी केलीस व्हय रे?"

गल्ली हसली. खाला हसली नाही. तिनं माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. नखाखालची हळद बघितली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट.

"तो सच्ची बोला था तू," ती म्हणाली. "कुणीच नाय?"

"नाही."

ती आत गेली. चहा आला नाही. मी खोलीत जाऊन ट्रंकेत कपडे भरले. पडद्याची घडी केली, तिचा होता म्हणून. आरसा काढायला गेलो तर खिळा निघेना.

तेवढ्यात ती दारात आली. हातात कप. ट्रंक बघून म्हणाली, "कहाँ चले?"

"फॅमिलीलाच देता ना खोली."

"तू बोलला होता. मैंच नै सुनी. त्यात तुझा काय कसूर?" तिनं कप खिडकीत ठेवला, पडदा उचलून पुन्हा तारेवर सरकवला. "आरसा ठेव. आपलं तोंड आपल्यालाबी लागतं बघायला." जाताजाता थांबली. "आणि चहा तिकडं येऊन पीत जा. रोज रोज जिना कौन चढेगा."

खोली राहिली. तिचे उपकार फिटायचे नाहीत. त्यानंतर मी त्या खोलीत बरीच वर्षं काढली, रोज उंबऱ्यावर बसून चहा प्यायलो. खाला मुलाचं सांगायची, मी ऐकायचो. गल्लीनं दुल्हेमियाँ म्हणणं सोडलं. "उसका कुछ खबर?" हेही परत कुणी विचारलं नाही.

ते ऐकायला कान इतके सरावले असतील, असं मला वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी मी धुतलेला शर्ट दुसऱ्या खुंटीवर अडकवला. जी येणारच नाही तिच्यासाठी उगीच एक खुंटी अडवून काय ठेवायची. सकाळी उठलो, बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो, आणि काढून पुन्हा पहिलीवरच टांगला.