सांडलेला गहू

आमच्या देवळात साक्ष द्यायची रीत होती. देऊळ म्हणजे चर्च, पण आम्ही सोलापूरचे ख्रिस्ती त्याला देऊळच म्हणायचो. गीत संपलं की कुणीतरी उभं राहायचं आणि देवानं आपल्यावर काय कृपा केली ते सगळ्यांना सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असे, कुणाला नोकरी लागलेली असे. एक आजोबा दरवर्षी सापापासून वाचल्याची साक्ष द्यायचे आणि तो साप दरवर्षी थोडा लांब होत जायचा. मला ते फार आवडायचं.

बहात्तरच्या दुष्काळात ही चांगली रीत बिघडली. देवळात मदतीचा गहू आला. ज्या घराला गहू मिळेल त्या घरातल्या माणसानं रविवारी पुढं येऊन साक्ष द्यायची, पिशवी हातात धरून फोटो काढून घ्यायचा आणि तो फोटो परदेशातल्या देणगीदारांना जायचा, असं पंचांनी ठरवलं. त्यांच्या मनात पाप नव्हतं. उपकार मानायला कसली लाज, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं. गहू घेण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नव्हती, एवढंच.

माझे वडील गिरणीत होते. ते गेल्यापासून आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. दुष्काळात बिडीच्या कारखान्यातून पानं कमी मिळायला लागली आणि रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, तीसुद्धा पुरेना. मी तेव्हा नववीत होते. शेजारणी आईला सांगत होत्या, पोरीला शाळेतून काढ आणि शेजारच्या दुसऱ्या कारखान्यात बसव, तिच्या वाट्याची पानं वेगळी मिळतील, दोघींचे हात लागले तर दोघींची पोटं भरतील. मला बिड्या वळायला बसायचं नव्हतं, आणि आईलाही मला बसवायचं नव्हतं. देवळातला गहू मिळाला असता तर प्रश्न सुटत होता.

"घे की गं," मी म्हटलं. "दोन मिनिटं उभं राहायचंय."

"तुज्या बापानं कुनापुढं हात पसरला न्हाय," आई म्हणाली. "मी पिशवी धरून फोटूत उभी ऱ्हाऊ व्हय? त्यापेक्षा तू बिड्या वळ."

मला राग आला. आईच्या अभिमानापायी माझी शाळा सुटणार, एवढंच मला दिसत होतं. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

मग एका संध्याकाळी पाळकबाई, म्हणजे आमच्या देवळाचे धर्मगुरू पाळकसाहेब यांच्या पत्नी, आमच्या दाराशी आल्या. त्या नगरकडच्या, बोलणं स्वच्छ, पदर नेहमी खोचलेला. त्यांनी गव्हाचा विषय आईकडे मदत म्हणून काढलाच नाही.

"ताई, माझी अडचण आहे," त्या म्हणाल्या. "पोत्यांत खडे आणि माती फार आहे. वाटायच्या आधी सगळं पाखडून निवडायला हवं. एकटीनं होत नाही. येशील का दुपारची?"

दुसऱ्याची अडचण म्हटल्यावर आई कशाला नाही म्हणते! ती गेली. शाळा सुटली की मीही तिथं जाऊन बसायचे. पाळकबाईंच्या ओसरीवर गोणपाट अंथरलेलं, दोघी समोरासमोर, मध्ये पोतं. पाळकबाई पाखडायच्या, आई निवडायची. पाळकबाईंच्या सुपातून गहू सारखा खाली सांडायचा, आणि तोही आईच्या बाजूला. पहिल्या दिवशी आई ते दाणे गोळा करून पोत्यात टाकायला लागली, तेव्हा बाईंनी तिचा हात धरला.

"सांडलेलं परत पोत्यात नाही टाकायचं. निवडणारीचं ते. आमच्या घरचा नेम आहे."

आई रोज पदरात थोडा गहू बांधून आणायला लागली. रात्री चपात्या व्हायच्या. भाकरीवर वाढलेल्या आमच्या तोंडांना त्या चामट लागायच्या, पण आम्ही मिटक्या मारत खायचो. माझ्या शाळेचा विषय घरात परत निघाला नाही.

मी आगाऊच होते. एकदा घरी आल्यावर म्हटलं, "पाळकबाईंना सूप धरता येत नाही. किती सांडतात!"

आई हसली. वडील गेल्यानंतर ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. "व्हय," ती म्हणाली, "त्यास्नी न्हाईच येत."

त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला वेदीपुढं दोन भोपळे आणि कागदाची फुलं होती, कारण कापायला काही उगवलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी उपदेशाला बायबलमधली रूथची कथा घेतली. रूथ परकी, विधवा. ती दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडून राहिलेली कणसं, वेचायला जाते. शेताचा मालक आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली काही कणसं तिच्यासाठी मुद्दाम गाळा, आणि तिला लाजवू नका. पाळकसाहेब म्हणाले, शेताचा कोपरा गरिबासाठी सोडावा असं नियमशास्त्रात आहे. तो दानधर्म नव्हे. तो कोपरा मालकाचा नसतोच.

मी चमकून आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती. पुढच्या बाकावर पाळकबाई गीतांचं पुस्तक उगाच चाळत बसल्या होत्या.

आज कुठंही वाटप असलं की आधी बॅनर लागतो आणि मग फोन वर होतात. घेणाऱ्या बाईला मान वर करायला सांगतात. माझा पारा चढतो आणि मी तिथं भांडते. लोकांना वाटतं म्हातारी तिरसट आहे. असू दे.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि कारखान्यातून पानं पुरेशी मिळायला लागली. शेवटचं पोतं निवडायचं होतं त्या दुपारी आईनं पाळकबाईंच्या हातातून सूप घेतलं आणि स्वतः पाखडायला बसली. गोणपाटावर एक दाणा पडला नाही. झाल्यावर तिनं सूप झटकून भिंतीला टेकवलं.

"बाई, आता मला माजं काम पुरतं मिळतंय," ती म्हणाली. "पुन्ना गहू आला तर माज्या शेजारनीला बोलवा. तिचा मालक बी गेलाय, आन ती बी कुनापुढं उभी ऱ्हानारी न्हाय. तिच्यापुढं असंच सांडा."

पाळकबाईंनी मान हलवली. मग त्यांनी आत जाऊन आमच्यासाठी चहा टाकला.

आईनं देवळात उभं राहून साक्ष कधीच दिली नाही, आणि पाळकबाईंनी ती कधी मागितली नाही. मी शिकले, मास्तरीण झाले. त्या गव्हाची साक्ष बाकी होती. ती मी आज देते आहे, माझ्या घरात, खुर्चीवर बसून.