एडक्याचं सोंग

दरवर्षी गुड फ्रायडेच्या, म्हणजे दुःखसहनाच्या आठवड्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीत शास्त्रातली एखादी जुनी गोष्ट सोंगं घेऊन दाखवत. त्या वर्षी ठरली ती देवाने बापाकडे मुलगा मागितल्याची. बाप मुलाला डोंगरावर नेतो, लाकडांवर बांधतो, सुरी उचलतो. तेवढ्यात देव त्याचा हात थांबवतो आणि मुलाच्या बदली झुडपात अडकलेला एडका कापला जातो.

बापाचं काम आमच्या बाबांना मिळालं, कारण तशी दाढी अख्ख्या मंडळीत दुसऱ्या कुणाला नव्हती. बाबा बडोद्याच्या फौजेत हवालदार, ख्रिस्ती होऊन फार दिवस झाले नव्हते. मुलगा झाला माझा धाकटा भाऊ. एडका मी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महाराजांनी मुलींनाही शाळा सक्तीची केली म्हणून मी शास्त्र घडाघडा वाचत होते. भाऊ अजून अक्षरं लावत होता. पण देवालाही मेला मुलगाच हवा! बाबा रोज संध्याकाळी त्याला ओट्यावर निजवून सराव करत आणि दरवेळी त्यांचे डोळे भरून येत. माझ्यासाठी ते कधी रडल्याचं मला आठवत नव्हतं. मला देवी आल्या होत्या, तेव्हासुद्धा नाही.

खेळाच्या दिवशी खंडेराव मार्केटातून आणलेल्या फळांच्या खोक्यांची वेदी रचली. भाऊ तिच्यावर डोळे मिटून पडला. बाबांनी लाकडी सुरी उचलली तशी आसवं त्यांच्या दाढीत उतरली. माझ्या झुडपापाशी बसलेली एक गुजराती बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "अरेरे, बिचारो दीकरो!" त्या दीकऱ्याला खोक्यांवरून ढकलून द्यावंसं मला वाटलं.

मग माझी पाळी आली. घोंगडी पांघरलेल्या मला बाबांनी झुडपातून ओढलं आणि त्यांच्या हातातली जुनी सवय जागी झाली. आमच्या घराण्यात दसऱ्याला बोकड पडे आणि तो बाबाच पाडत. आधी त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं की तो राजी, मगच शस्त्र. बाबांनी पाद्रीसाहेबांच्या मेजावरचा तांब्या उचलला, माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं आणि थांबले.

मी हललेच नाही.

लोक कुजबुजू लागले. पाद्रीसाहेबांनी कपाळाला हात लावला. बाबा गुडघ्यावर बसून घोंगडीत पुटपुटले, "बेटा, अंग झाड."

"आधी रडा," मी म्हटलं. "त्याच्यासाठी रडलात तेवढं."

बाबा आणखी वाकून अगदी हळू म्हणाले, "तो वाचणार हे मला ठाऊक होतं, म्हणून रडायला जमलं. तुझ्या वेळी हात धरायला कुणी येणार नाही. तुझ्यासाठी रडलो तर सुरी चालायची नाही माझ्याच्यानं."

देवाचा कोकरा, म्हणजे येशू, आपण होऊन मरणाला गेला, त्याला कुणी ओढून नेलं नाही, असं पाद्रीसाहेब दर रविवारी सांगत. मला ते पाठ होतं, कळलं नव्हतं.

मी अंग झाडलं. सुरी मानेवरून फिरली आणि बाबांच्या डोळ्यांतलं पाणी घोंगडीच्या आत, माझ्या गालावर पडलं. बाहेर कुणाला दिसलं नाही. भावालाही मी ते कधी सांगितलं नाही. त्याला सगळंच मिळालं होतं. तेवढं माझं होतं.