माहेरचा बाजार

लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तुडा मागच्या अंगणात लोकर धूत होती, आणि भिंतीपलीकडे सासू इज्जा आणि नवरा हम्मू यांचं जुंपलेलं होतं. सासूचं म्हणणं, रोज पहाटे सून पळते हे गावाला सांगायचं कसं? हम्मू म्हणाला, "आई, ती पळते. पळून जात नाही." म्हातारी म्हणाली, "गाव एवढं व्याकरण शिकलेलं नाही रे."

तुडा भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसली. पळणं काही सोडलं नाही.

पुढं वीस वर्षांनी मात्र तिच्या नडगीचं हाड चिरलं. तळ्याभोवती एकवीस किलोमीटरची शर्यत असते, तिच्या तेराव्या किलोमीटरला ती बसली ती उठलीच नाही. खेचरावर घालून घरी आणली. मेकनेस शहरातला डॉक्टर म्हणाला, आठ महिने पळू नकोस, आणि पुन्हा चिरलं तर कायमचं विसर.

आठ महिने सरले. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले बेन्नासर हे गावातल्या पळणाऱ्यांचे गुरुजी. त्यांनी हिशोब घालून दिला: सुरुवात तीन किलोमीटरनं, मग दर बाजाराला एक वाढवायचा. अठरा बाजारांनी एकवीस होतील, शर्यतही तेव्हाच.

आमच्याकडे आठवडा बाजारावरच मोजतात, त्यामुळे यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण तुडा मंगळवारी गावच्या बाजारात जायची, आणि शुक्रवारी डोंगरापलीकडं माहेरच्या बाजारात अंडी विकायला. माहेरचा बाजार का बाजार नव्हे? तिनं दोन्ही धरले. चार आठवड्यांत अकरा किलोमीटरवर पोचली, आणि आपण किती भराभर बरे होतोय म्हणून स्वतःवरच खूश.

मग एका सकाळी नडगी ठणकली. त्याच जागी.

गुरुजींनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि कपाळाला हात लावला. माहेर सोडून वीस वर्षं झाली, बाजार अजून सोडला नाही होय, असं काहीसं बोलले. मग ठरलं: एक आठवडा पूर्ण विश्रांती, नंतर पुन्हा तीनपासून. शर्यतीपर्यंत सोळाच होतील. म्हणजे यंदा नाही.

"सोळा पळेन," तुडा म्हणाली. "उरलेले पाच चालेन. चालू नको असं तर डॉक्टरही म्हणाला नाही."

"लोक हसतील, पोरी."

"हसू देत. मंगळवारी हसले की शुक्रवारी विसरतात."

तीन किलोमीटर पळून परत येणं फार जड गेलं तिला. शेजारणी विचारत, आज एवढ्यातच? ती मान हलवून पुढं जाई. शुक्रवारी अंडी विकून येई, पण आकडा हलू देत नसे.

शर्यतीच्या दिवशी सोळावा दगड आला तेव्हा पाय थांबायला तयार नव्हते. नडगी गप्प होती, श्वास शाबूत होता, पुढच्या चार बायका सहज गाठता आल्या असत्या. तुडा दातओठ आवळून चालायला लागली. कठड्यावर बसलेला एक म्हातारा ओरडला, "दमलीस का गं?"

"नाही काका. हिशोब संपला."

ते पाच किलोमीटर तिला सोळांपेक्षा लांब वाटले. बायका, म्हातारे, एक शाळामास्तर, सगळे पुढं गेले. शर्यतीच्या मंडपाचे दोर सुटायला लागले होते तेव्हा ती पोचली. स्वतःच्या पायांवर.

घरी इज्जानं तिला उंबऱ्याबाहेरच उभं केलं, अंगणातून एकदा चालून दाखवायला लावलं, आणि लंगडत नाही अशी खात्री पटल्यावर बाजूला झाली.

खमीर घालून झाकलेली कणीक फुगून फडक्याबाहेर आलीच होती. तुडानं चार भाकऱ्या फळीवर थापल्या, वर फडकं टाकलं, फळी डोक्यावर घेतली आणि गल्लीच्या टोकाच्या सामाईक भट्टीवर निघाली. भट्टीवाल्याला सांगितलं, जरा खरपूस भाज, म्हातारीला तशी लागते.