मामांचा कर्ब

कर्बोदकांशी इतक्या जाहीरपणे आणि इतक्या मनापासून भांडण मांडलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात आमच्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा सापडायचा नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा, पण उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत दूधवाल्यापासून वकिलांपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणतात, तेव्हा मीही तसंच म्हणतो. मामांची सगळी नोकरी शेतीखात्यात, माती तपासण्यात गेली. शेतकऱ्यानं फडक्यात बांधून आणलेली माती चिमटीत घ्यायची, डोळे बारीक करायचे आणि नाडी बघितल्यासारखं करून सांगायचं, "कर्ब कमी हाय. शेणखत घाला." उभा जन्म हे एकच वाक्य बोलून ते निवृत्त झाले आणि वर्षभरात गुडघे धरून डॉक्टरांसमोर जाऊन बसले. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, कार्ब्ज कमी करा, नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल. मामांनी विचारलं, कार्ब्जला मराठीत काय म्हणतात? डॉक्टरांनी शाळेतलं विज्ञान आठवून आठवून सांगितलं, "कर्बोदकं." सगळा घोटाळा त्या एका शब्दानं केला.

"ऐका जावईबापू," बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, "जमिनीत कर्ब वाढवा, कर्ब वाढवा म्हणत गाव न् गाव पालथं घातलं. जमिनीत काय तो वाढला नाय. समदा माझ्या पोटात येऊन बसला!" ऑपरेशनची मात्र त्यांना मनापासून भीती होती. "गुडघा म्हंजी काय नांगराचा फाळ हाय व्हय, काढला अन् दुसरा ठोकला?" असं ते हसत विचारत, पण हसताना हात गुडघ्यावरच असे. करमाडच्या आपल्या शेताच्या बांधावरून स्वतःच्या पायानं फिरायचं, म्हातारपणाकडून त्यांची एवढीच मागणी होती.

आता या माणसानं काय सोडलं हे कळायला त्यांची भाकरी कळली पाहिजे. ज्वारी करमाडच्या शेतातली, शाळू. भाकरी मामींच्या हातची. आणि ती तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, मध्ये टोपल्यात विसावलेली चालायची नाही. "गार भाकरी म्हंजी ढेकूळ," असं मामांचं मत होतं आणि जरा वाफ कमी दिसली की ते ताट इंचभर पुढं सरकवत. मामी काही न बोलता दुसरी टाकत. मामी मुळात कमीच बोलतात, घरातलं बोलणं सगळं मामांनीच संपवलेलं असतं. मामांचं जेवण झालं की शेवटच्या भाकरीचा चतकोर त्यांच्या ताटात उरलेला असे. मग मामी त्याच ताटावर बसत आणि तो चतकोर खाल्ल्याशिवाय दुसऱ्या घासाला हात लावत नसत. माझ्या बायकोला हे अजिबात पटायचं नाही. "मामी, हे काय जुनाट! आधी तुम्ही गरम गरम जेवून घेत जा ना," असं ती एकदा रागानंच म्हणाली. मामी हसल्या. "अगं, त्याच्याबिगर जेवल्यासारखं वाटतच नाय," म्हणाल्या. मामांना वाटायचं, बायकोचं आपल्यावर प्रेम आहे. ते खरंच होतं, फक्त त्यात आपल्याकडून काही द्यायचं असतं हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नसावं.

तर मामांनी भाकरी बंद केली. नुसती कमी नाही, बंद. परात माळ्यावर गेली. चपाती, भात, पोहे सगळ्यांची घरातून हकालपट्टी झाली आणि त्यांच्या जागी मामांनी स्वतःच्या बुद्धीनं ठरवलेले निष्पाप पदार्थ आले. शेंगदाणे निष्पाप, कारण ते मातीखाली वाढतात आणि "मातीवर आपला लई विश्वास हाय." लोणी निष्पाप. पेढा तर अगदीच सोवळा, कारण तो दुधाचा. "दूध म्हंजी प्रोटीन," असं सांगून ते दुसरा पेढा उचलत. त्यातली साखर? "ती नावापुरती असती हो." नान-खलिया खायला गेलो की नान माझ्या ताटात सरकवून ते खलियाच्या, म्हणजे मटणाच्या रश्श्याच्या, दोन वाट्या पीत आणि वर मलाच दटावत, "जावईबापू, नान कमी खा. पोट सुटायलंय." माझ्यापुढे नान चार झालेले असत आणि त्यातले दोन त्यांचे असत.

पण कळस झाला तो करमाडच्या एका लग्नात. पंगतीत भजी आली. मामांनी एक भजं उचललं, वरचं पीठ नखानं सोलून काढलं आणि आतला कांदा तेवढा खाल्ला. मग दुसरं, मग तिसरं. ताटाच्या कडेला सोललेल्या पिठाचा ढीग झाला. नवरदेवाची आजी वाढणाऱ्यांवर नजर ठेवून फिरत होती, ती थबकली. "का हो पाव्हणं, सोलून का खायलात?" मामांनी जिथं तिथं करतात तसा खुलासा केला, "पिठात कर्ब हाय, आजी." म्हातारीचा चेहराच उतरला. "अगं बया! घरचं पीठ हाय, दोनदा चाळलंय. कुटून आला त्यो?" मामा शांतपणे म्हणाले, "तो चाळून जात नसतो." झालं. पिठात काहीतरी निघालंय आणि ते चाळून जात नाही, ही बातमी पंगतीच्या शेवटच्या टोकाला पोचायला भजीपेक्षा कमी वेळ लागला. लोकांनी भजी खाली ठेवली, कुणीतरी लहान पोराच्या तोंडात बोट घालून त्याचं भजं बाहेर काढलं आणि आचारी झारा घेऊन "कोन म्हनलं? कोन म्हनलं?" करत मांडवात आला. मी उभं राहून कर्बोदकं म्हणजे काय हे सगळ्यांना समजावून सांगितलं. मामा मागून दुरुस्त्या करत होते.

असे चार-पाच महिने गेले. मामा जातील तिथं कर्बाविरुद्ध बोलत होते, हळूहळू उठत-बसत होते आणि त्यांचा शर्ट पोटावर तसाच ताणलेला होता. मामी बोलताना मध्येच बांगड्या कोपराकडं सारत. त्या पुन्हा मनगटावर घसरत. हे मी पाहत होतो, पण बाईमाणसाच्या बांगड्यांकडं बघून माझ्यासारख्याला काय कळणार?

मग एका सकाळी दोघांना गाडीत घालून मी डॉक्टरांकडं नेलं. मामा ताठ मानेनं वजनकाट्यावर चढले. काटा मागं आला नव्हताच, उलट किलोभर पुढंच गेला होता. मामा खाली उतरले, पुन्हा चढले, एका पायावर उभे राहून पाहिलं. "डॉक्टरसाहेब, मातीचा नमुना एका जागचा घेऊन भागत नाय," म्हणत त्यांनी काटा उचलून खिडकीजवळ नेला. तिथंही तेच. मग त्यांना शास्त्रीय युक्ती सुचली. "काटा खोटा हाय. आता सिद्धच करून दावतो. हिचं वजन मला पाठ हाय, लग्नापासून बदललेलं नाय. चढ गं तू."

मामी संकोचून चढल्या. काटा मामांच्या पाठ असलेल्या आकड्याच्या बराच अलीकडं थांबला.

"बघा!" मामा विजयानं ओरडले. "म्हनलं नव्हतं? खोटा!"

डॉक्टर काट्याकडं बघत नव्हते. ते मामींचे गाल, मनगट बघत होते. "मामी, जेवण कसं आहे?"

"जेवते की."

"काय जेवता?"

मामींनी आधी मामांकडं पाहिलं. "ह्यांचं झालं की चहा घेते. संगं टोस्ट. कवा शेंगदाणे." मग त्याच म्हणाल्या, "एकटीसाठी परात कोण काढतंय? अन् चतकोर नसला की ताटावर बसावंच वाटत नाय."

डॉक्टर मामांना म्हणाले, "मी भाकरी बंद करा असं कधी म्हटलं होतं? कमी करा म्हटलं होतं. एखादी खा, भाजीबरोबर. पेढे बंद करा." मामांनी वाद घातला नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना वाद न घालता पाहत होतो आणि ते बघवत नव्हतं. गाडी क्रांती चौकातून पुढं गेली. मागच्या सीटवर मामी बाहेर बघत बसल्या होत्या. शेवटी मामा अगदी हळू म्हणाले, "मुलखाची माती तपासली, जावईबापू. घरातला कस उतरत होता, त्यो नाय दिसला." मी उगीच हॉर्न वाजवला.

परात खाली आली. मामांचं वजन आता थोडं उतरलंय, गुडघ्यांचं दुखणं मात्र उतरायला तयार नाही. ऑपरेशन पुढं ढकललंय, बांधावरून ते काठी टेकत निम्म्यापर्यंत जातात. मामींच्या बांगड्या पुन्हा जागेवर बसायला लागल्यात. परवा आम्ही जेवायला गेलो होतो. भाकरी थापल्याचा आवाज स्वयंपाकघरातून येत होता. तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी मामींनी मामांच्या ताटात टाकली आणि त्या पुन्हा आत गेल्या. मामांनी तिचे चार भाग केले आणि एक चतकोर शेजारच्या रिकाम्या ताटात ठेवला. पण स्वतः घास घेतला नाही. नुसतेच बसून राहिले. आत मामींची शेवटची भाकरी व्हायची होती, मग गॅस बंद करायचा, हात धुवायचे, तोवर समोरच्या भाकरीची वाफ संपून ती पार कडक झाली.

"मामा, जेवा की. गार व्हायलीय," मी म्हणालो.

मामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि जुन्या सरकारी आवाजात म्हणाले, "होऊ द्या. गार भाकरीत कर्ब कमी असतो."